एका बटणावर

आप्पांच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाला सकाळी आठ वाजताच छबी एक जड खोकं कमरेवर घेऊन हजर झाली, आणि तिच्यासाठी फाटक उघडलं ते दादानं. हे बघून कुणाला आनंद झाला असेल तर असो, दादाची बायको, म्हणजे वहिनी, मात्र हातातलं काम टाकून बाहेर आली. या बहीण-भावाचं गेली चार वर्षं, म्हणजे आप्पांनी गाड्या दुरुस्तीचं दुकान मुलाला न देता मुलीच्या हातात दिलं तेव्हापासून, विळ्या-भोपळ्याचं सख्य. दादा विम्याच्या कचेरीत टाय लावून बसणारा. पाना कुठला आणि पक्कड कुठली हे त्याला सांगता आलं नसतं, पण थोरलेपणाचा मान हवा होता. ती दोघं भांडत असली की घर सुरळीत चालायचं. एक झाली की समजावं, आता काहीतरी निस्तरावं लागणार.

“डोळे मिटा आप्पा,” छबी म्हणाली.

“या वयात मिटले तर उघडतील याचा काय भरवसा?” आप्पा म्हणाले, पण मिटले.

खोक्यातून नवा कोरा स्टार्टर निघाला. इंजिनाला पहिला धक्का देऊन जागं करते ती मोटर. आकारानं जुन्याच्या निम्मा, वजनानंही निम्मा, आणि आत गिअर असल्यामुळे ताकद दुप्पट. छबीनं तो आप्पांच्या मांडीवर ठेवला. आप्पांनी डोळे उघडले आणि त्यांचा चेहरा पडला. पडला तो पडलाच, पण बघतंय कोण? दादा फोटो काढायच्या नादात होता.

आता गंमत अशी की आप्पांनी जन्मभर दुसरं काही केलंच नव्हतं. चाळीस वर्षं लोकांच्या गाड्यांचे स्टार्टर दुरुस्त केले, गावभर नाव ‘स्टार्टरवाले आप्पा’. आणि घराखालच्या गॅरेजात उभी असलेली त्यांची लाडकी गाडी, बाटलीसारख्या हिरव्या रंगाची, दोनच माणसांची, कापडी टपाची जुनी स्पोर्ट्स कार, तिचा स्टार्टर गेली दोन वर्षं आजारी. बटण दाबलं की नुसती टिकटिक. मग एकानं बॉनेट उघडून लाकडी हातोडीनं त्या स्टार्टरच्या डोक्यात एक द्यायची, त्याच वेळी दुसऱ्यानं आत बसून बटण दाबायचं, तेव्हा कुठे बाईसाहेब उठायच्या. सपाट गल्ली, ढकलायचं म्हटलं तरी माणूस लागणारच. दिव्याखाली अंधार म्हणून सगळे हसत. आप्पाही हसत. “बघू कधीतरी,” म्हणत.

“हा बसवला की काम तमाम,” दादा म्हणाला. “एक बटण, एक माणूस. कुणाची मनधरणी नको.”

“आजच कशाला?” वहिनी पटकन म्हणाली. “वाढदिवसाच्या दिवशी गाडी उघडून बसायचं का? दुपारी जेवायला सगळे एकत्र आहोत, तर...”

“दोन तासांचं काम आहे वहिनी.”

“चालतेय ना पण गाडी. चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची?”

छबीनं बाह्या वर सारल्या. “खीळ? मी नवा स्टार्टर घालतेय. तुम्हाला ही गाडी डोळ्यांत खुपते, हे काय मला आज कळलंय का? गॅरेजच्या जागेत औषधांचं गोदाम करायचंय ना तुम्हाला?”

“अहो, तुम्ही तरी सांगा तिला,” वहिनी नवऱ्याकडे वळली.

“तू मध्ये पडू नकोस,” दादा म्हणाला. चार वर्षांनी बहिणीशी सूर जुळला होता, तो बायकोसाठी कशाला मोडेल?

वहिनीचं औषधांचं दुकान कोपऱ्यावर. तीन आठवड्यांपूर्वी आप्पा दुपारी तिच्याकडे रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आले. “सूनबाई, गोड असतील तर दोन जास्त द्या,” म्हणाले, हसले, गेले. तासाभरानं परत आले. तीच पिशवी, तोच विनोद. तिला वाटलं, चेष्टा करतायत. तिसऱ्यांदा आले तेव्हाही तो विनोद अगदी नवा असल्यासारखा सांगितला, तिनं हसून दाखवलं, आणि ते वळल्यावर काउंटर घट्ट धरून उभी राहिली. संध्याकाळी तिनं सासूला गाठलं. आई म्हणाली, “मला माहीत आहे. दोन वर्षं माहीत आहे. मुलांना बोलशील तर माझी शपथ आहे.”

शपथ म्हणजे तोंडाला कुलूप. तिनं आता दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या सासूकडे पाहिलं. बोला ना, आई. तुम्ही बोला.

“हौस आहे पोरांची,” आई म्हणाली. “करू दे.” आणि सुनेची नजर चुकवून तिनं कप मांडायला घेतले.

वहिनीला इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ती सरळ वर निघून गेली.

आईला कुणी विचारलं असतं, की बाई, तू असं का केलंस, तर तिनं सांगितलं असतं. आप्पा समोर बसले होते. त्यांच्यासमोर कोणत्या तोंडानं बोलायचं? तुमच्या बापाच्या डोक्यातून रस्ते पुसले जातायत, असं? दोन वर्षांपूर्वी ते “अर्ध्या तासात येतो” म्हणून गाडी घेऊन गेले आणि सहा तासांनी आले. शर्ट ओलाचिंब. म्हणाले, पंक्चर झालं होतं. तिनं काही न बोलता पाणी दिलं आणि मग गॅरेजमध्ये जाऊन डिकी उघडून पाहिली. जादा चाक जागच्या जागी, त्यावर कोळ्याचं जाळं. पंक्चर कसलं नि काय. त्या रात्री दोघांनाही झोप नव्हती आणि दोघंही झोपेचं सोंग घेऊन पडले होते.

त्याच आठवड्यात स्टार्टर बिघडला. आईनं हात जोडले. गाडी एकट्यानं चालू होईना, मग दर रविवारी ती हातोडी मारायची आणि जन्मात कधी त्या गाडीत न बसलेली बाई पदर खोचून शेजारी बसायची. “अहो, डावीकडून घ्या, तिकडे धूळ किती असते.” “आता वळा, मला ते दुकान बघायचंय.” आप्पा “काय कटकट आहे” म्हणायचे आणि वळायचे. दोन वर्षं असं निभावलं होतं. कुणाला काही सांगावं लागलं नव्हतं.

गाडी लोखंडी घोड्यांवर, म्हणजे चार पायांच्या टेकूंवर, चढवून छबी खाली शिरली. खालून तिला माणसं दिसत नव्हती, नुसते पाय दिसत होते. दादाचे चकचकीत बूट, आईच्या चपला येत-जात, आणि स्टुलावर बसलेल्या आप्पांची पावलं. बॅटरीची तार तिनं आधीच सोडवली होती. खालचा बोल्ट मुकाट आला. वरचा डोळ्यांना दिसतच नाही, तो हातानं चाचपून काढायचा. हेही आप्पांनीच शिकवलेलं, ती बारा वर्षांची असताना, डोळ्यांवर फडकं बांधून.

“छबे,” वरून आप्पांचा आवाज आला. “राहू दे ना गं. जुनाच बरा होता.”

“आप्पा, लाजू नका हो. पोरीकडून घ्यायला लाज कसली?”

“तसं नाही.”

“मग कसं?”

आप्पांचं उजवं पाऊल तेवढं टकटक टकटक जमिनीवर आपटत होतं. छबीला हसू आलं, काय ही उत्सुकता, अगदी लहान मुलासारखी. जुना स्टार्टर धोंड्यासारखा तिच्या छातीवर उतरला. तिनं तो बाहेर सरकवला, आप्पांच्या पायांपाशी, आणि ती पावलं झटकन मागे सरली.

नवा सरळ बसेना. त्याचा फुगीर भाग सायलेन्सरच्या पाइपला बोटभर आड येत होता. तिनं तोंडाकडचे तीन स्क्रू सैल केले, मोटर एक घर फिरवली, पुन्हा आवळली, आणि तो असा बसला की तिलाच आपलं कौतुक वाटलं. मग तारा. मग बॅटरी. गाडी लोखंडी घोड्यांवरून खाली घेतली.

“या आप्पा. मान तुमचा.”

आप्पा आत बसले. आईनं सवयीनं हातोडी उचलली होती. दादानं हसत ती तिच्या हातातून काढून घेतली. “आता निवृत्त हो तू.”

बटण दाबलं. गाडी एका दमात गरजली. दादानं टाळ्या पिटल्या, छबीनं शीळ घातली. आप्पा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसले होते, कपाळावरून घाम ओघळत होता.

“छान,” ते म्हणाले. “छान झालं.”

आणि इंजिन बंद करून ते इतक्या हळूहळू उतरले की छबी एक क्षण चपापली. पण वरून जेवायला हाक आली.

जेवणं झाल्यावर वहिनीनं सासूला ओट्यापाशी अडवलं. “आई, मला तोंडावर पाडलंत ना? पाडा. माझं काही नाही. पण आता तरी सांगा त्या दोघांना.”

“संध्याकाळी सांगते. दिवस जाऊ दे गं त्यांचा.”

“दिवस जाईल आणि माणूसही जाईल! कळतंय का तुम्हाला? आता तुमची हातोडी नाही मध्ये.”

“ओरडू नकोस.”

“चावी कुठे आहे?”

दोघींनी एकदमच मान वळवली. चावी दाराशेजारच्या खुंटीवर होती. आईनं श्वास सोडला, वहिनीनंही. “तेवढी लपवून ठेवू,” आई म्हणाली. “नंतर बघू मग...”

खाली गाडी चालू झाली.

खुंटीवरची चावी हललीसुद्धा नव्हती. दोघी तिच्याकडे बघत राहिल्या आणि खालचा आवाज सरकत गॅरेजबाहेर गेला.

“दादा!” वहिनी किंचाळली. नवऱ्याला तिनं आयुष्यात पहिल्यांदा दादा म्हटलं असेल. “छबी! आप्पा गेले! त्यांना घरचा रस्ता आठवत नाही, अडवा त्यांना!”

छबी अनवाणीच पळाली. धावता धावता ऐकलेलं डोक्यात उतरत होतं. रस्ता आठवत नाही? कुणाला? आप्पांना? ज्यांना गावातल्या प्रत्येक गाडीच्या इंजिनाचा आवाज ओळखू येतो त्यांना? मग तिला ते टकटक करणारं पाऊल आठवलं. घाबरले की आप्पांचं पाऊल असंच वाजतं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. माहीत असून ती खाली पडल्या पडल्या हसली होती.

गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्याला लागायच्या जागी, हिरवी गाडी आडवी उभी होती. इंजिन चालू. समोरून ट्रक जात होते, मागे एक टेम्पो हॉर्न वाजवून वाजवून थकला होता. आप्पा समोर बघत होते. पाय क्लचवर दाबून धरलेला होता.

छबीनं दार उघडून आत अंग टाकलं आणि आधी गिअर काढला.

“छबे,” आप्पा म्हणाले. “बरं झालं आलीस. डावीकडे की उजवीकडे?”

“कुठे जायचंय आप्पा?”

“ते ठाऊक असतं तर तुला विचारलं असतं का?”

ते रडत नव्हते. आवाज नेहमीचाच होता. तिनं डॅशबोर्डखाली पाहिलं. दोन तारा बाहेर ओढून एकमेकींना पीळ दिलेल्या होत्या. तिनं त्या सुट्या केल्या. इंजिन थांबलं. टेम्पोवाल्याला दादा हात जोडून टेम्पो मागे घ्यायला सांगत होता. वहिनी धापा टाकत आली, तिच्यामागून आई, एका पायात चप्पल.

“मी नुसतं बघायला गेलो होतो,” आप्पा म्हणाले. “खरंच एकट्यानं चालू होते का ते. झाली. मग पाय आपला आपणच... छबे, कशाला बसवलास गं तो? नको म्हणत होतो ना मी?”

“मला काय माहीत आप्पा! तुम्ही सांगायचं होतं ना!”

“काय सांगू? बापाला घर सापडत नाही म्हणून सांगू?” त्यांनी गुडघ्यावर मूठ आपटली. “त्या दिवशी सहा तास फिरत होतो. प्रत्येक गल्ली बघितलेली वाटायची आणि एकही आपली नाही. एका शाळेपाशी पोरं रस्ता ओलांडत होती, आणि मला ब्रेक कुठला ते सुचेना. एक क्षण. एकच. लागला ब्रेक, पण तो क्षण अजून जात नाही. घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी स्टार्टर खोलला. वीज पोचवणारे चांगले कार्बन काढले, झिजलेले घातले, स्प्रिंगा वाकवल्या. दुसरं माणूस असल्याशिवाय चालूच होऊ नये, असा करून ठेवला मी तो.”

“मी आता चावी माझ्याकडे ठेवतो,” दादा म्हणाला. “बस. विषय संपला.”

“चावी खुंटीवरच आहे रे बाबा. चावी हरवलेल्यांच्या गाड्या मीच चालू करून द्यायचो.” आप्पांनी स्वतःचे हात पुढे धरून पाहिले. “डोकं विसरतं. हे नाही विसरत. मला भीती कसली वाटते, सांगू? ज्या दिवशी मी विसरेन ना, की तो मीच बिघडवलाय, त्या दिवशी मी तो दुरुस्त करीन.”

मग आप्पांची नजर बायकोकडे गेली.

“पंक्चर नव्हतं गं,” ते म्हणाले.

“माहीत आहे. जादा चाकावर जाळं होतं.”

“दोन वर्षं माहीत आहे? मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोललात?” आई म्हणाली आणि तिथेच, भर रस्त्यात, तोंडाला पदर लावून रडली. वहिनीनं तिला जवळ घेतलं. सकाळचा राग तिला आठवलाही नाही.

गाडी ढकलतच घरी आणली. आप्पांना गॅरेजमध्ये वेताच्या खुर्चीत बसवलं. आई शेजारी, त्यांच्या मनगटावर हात ठेवून. थोड्या वेळानं त्यांचा डोळा लागला.

छबी पुन्हा गाडीखाली शिरली. या वेळी पाने द्यायला दादा खाली बसला होता, टाय खिशात कोंबून, आणि प्रत्येक वेळी चुकीचा पाना देत होता. “हा नाही रे, तेराचा,” ती दबक्या आवाजात म्हणायची आणि तो निमूट दुसरा द्यायचा. वहिनी दारात उभी होती.

“मी तुला उगाच बोललो सकाळी,” दादा मान वर न करता म्हणाला.

“बोललात खरं,” वहिनी म्हणाली. “पण आता आधी हे बघा.”

“जुना परत घालते,” खालून छबी म्हणाली. “आहे तसाच. होतं तसं होईल. आई हातोडी मारेल, शेजारी बसेल. मोठ्या रस्त्याला नाही जायचं, एवढंच.”

ऐकून आईच्या जिवात जीव आला. आता लपवायचं काही उरलं नाही. आता ती उघडपणे म्हणेल, अहो, डावीकडे. डॉक्टरांकडे जाऊ, विचारू, जे असेल ते सगळे मिळून बघू. एवढं ओझं ती एकटी कशी वाहत होती, तिचं तिलाच नवल वाटलं. भर दुपारची शांतता, पान्यांचे आवाज. तिचाही डोळा लागला.

जागी झाली तेव्हा तिच्या हाताखाली आप्पांचं मनगट नव्हतं.

ते टेबलापाशी उभे होते, पाठमोरे. जुना स्टार्टर त्यांनी शिकंज्यात धरला होता, झाकण उघडलं होतं, शेजारी जुनी डबी, तिच्यात बारीकसारीक सामान. हात भराभर चालत होते. कुठे अडखळणं नाही, कुठे थरथर नाही. छबी गाडीखालून अर्धी बाहेर आलेली, तशीच थिजली होती. दादाच्या हातात पाना होता. वहिनीनं दाराची चौकट धरली होती. थांबवावं असं प्रत्येकाच्या मनात होतं, पण काय म्हणून थांबवायचं? तासाभरापूर्वी तुम्हीच सांगितलंत, असं म्हणून?

“आप्पा,” शेवटी छबी म्हणाली. “काय करताय?”

“अगं, कार्बन पार झिजलेत याचे. आणि स्प्रिंगा बघ, मुद्दाम वाकवल्यासारख्या. कुणा अडाण्यानं हात घातलाय कोण जाणे. आपल्या दुकानातलं काम नाही हे.” त्यांनी नवे कार्बन बसवले, झाकण आवळलं, टेबलावरच्या बॅटरीच्या तारा लावल्या. स्टार्टर सणसणत फिरला, पहिल्याच फटक्यात, हातोडीशिवाय. आप्पा वळले. चेहऱ्यावर अशी तृप्ती होती की बघवत नव्हती.

“झाला. छबे, हा बसवून टाक बघू. संध्याकाळी जरा फिरून येतो.”

“मी येते,” आई धडपडत उठली. “अहो, मीपण येते. दोघं जाऊ.”

आप्पांनी हात पुसले आणि जवळ येऊन, लहान मुलीला समजवावं तसा, तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“तू कशाला दगदग करतेस? आता एकट्याला चालू करता येते.”